डावा काठ कुणाचा

...आणि वर मलाच विचारतात, "एवढी शिकलीस, तुला साधं डावं-उजवं कळत नाही का?" आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. कळतं. ज्या हाताने मी लिहिते तो उजवा, लिहिताना ज्या हाताने कागद धरते तो डावा, हे मला वयाच्या अंदाजे चौथ्या वर्षापासून कळतं; अंदाजे अशासाठी म्हणते की त्याची लेखी नोंद उपलब्ध नाही. पण प्रश्न माझ्या हातांचा नव्हताच, प्रश्न ओढ्याच्या हातांचा होता. ओढ्याची डावी बाजू कोणती आणि उजवी कोणती, हे ठरवायचं कुणी? मी? आमच्या सरांनी? की जलविभागाच्या कार्यालयात खिडकीपाशी बसणाऱ्या त्या साहेबांनी? कारण तुम्हाला सांगते, तिघांनीही ठरवलं, तिघांनीही आपापल्या जागी बरोबर ठरवलं, आणि तरीही दोन दिवसांत एकच नोटीस तीनदा चिकटली. पद्धत चुकली नव्हती. हे आधी लिहून घ्या, मग पुढचं ऐका. पद्धत चुकली नव्हती.

तर मी जलरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, शेवटचं वर्ष, आणि विभागात मला सगळे "दशांश" म्हणतात. का, तर कुणी वाजले किती विचारलं की मी सेकंदांसकट सांगते. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण असो. झालं असं की गावाबाहेरच्या ओढ्यात एका आठवड्यात मासे मेले. बरेच मेले. किती, ते कुणी मोजले नाहीत, आणि तिथूनच खरं तर या प्रकरणातला निष्काळजीपणा सुरू होतो. ओढ्यात समोरासमोर दोन पाइप येतात. एका काठावर कापड रंगवण्याचा कारखाना आहे, त्याच्या मालकांना सगळे रंगवाले म्हणतात. दुसऱ्या काठावर लाँड्री आहे. जलविभागाने सरांना पत्र पाठवलं, दोन्हीकडचं पाणी जागेवर तपासून द्या, ज्याचं खराब निघेल त्याचा पाइप बंद करू. आणि पाइप बंद म्हणजे धंदा बंद, हे सांगायला नकोच.

सरांनी काम माझ्यावर सोपवलं. मी म्हटलं, "सर, एक गोष्ट आधीच स्पष्ट करणं मला आवश्यक वाटतं. ती लाँड्री माझ्या सख्ख्या आत्याची आहे. मी चार वर्षं तिच्याकडेच राहते. तिच्या हातचं खाते. तेव्हा माझ्या निष्पक्षतेबद्दल..."

सर चष्मा पुसत होते. चष्मा पुसताना सर कुणाचंच ऐकत नाहीत, पण यावेळी ऐकलं. म्हणाले, "पाण्याला आत्या नसते. जा."

गेले. आता एवढं झाल्यावर मी किती काळजी घेतली असेल याची तुम्ही कल्पना करा. आदल्या दिवशी मीटर ठरलेल्या आकड्यांच्या द्रावणांत तपासला, सातच्या द्रावणात, चारच्या द्रावणात, दहाच्या द्रावणात. बाटल्या तीन घेतल्या. एक दोन्ही पाइपांच्या वरच्या अंगाची, एक डाव्या काठाची, एक उजव्या काठाची. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर पारदर्शक टेप, कारण शाई ओली होते. गमबूट घातले, विभागाच्या गाडीतून गेले, गाडी चालवणारे काका काठावर उकिडवे बसले, आणि मी पाण्यात उतरले.

आता हे नीट ऐका, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. नमुना घेताना प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं असतं. म्हणजे पाणी समोरून आपल्याकडे आलं पाहिजे. का, तर आपल्या पायांनी जो गाळ उठतो तो मागे वाहून जावा, बाटलीत येऊ नये. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे माहीत असतं. मी तशीच उभी राहिले. पाणी समोरून येतंय, आत्याची लाँड्री माझ्या डाव्या हाताला, रंगवाल्यांचा कारखाना उजव्या हाताला. आत्याच्या बाजूचं पाणी कोणत्या बाटलीत गेलं? डाव्या. रंगवाल्यांच्या बाजूचं? उजव्या. यात कुठे काही चुकलंय का? नाही ना? मीही तेच म्हणते. पद्धत चुकली नव्हती.

बरं, लोक काम तरी शांतपणे करू देतात का? मी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून घेते, नियम आहे तसा, तर काठावरून काका म्हणतात, "दशांश मॅडम, तीनदा धुऊन पुन्हा तेच घाण पाणी भरायचं, मग धुतली कशाला?" त्यांना समजावून सांगावं तर तेवढ्यात आत्या लाँड्रीच्या मागच्या दारात येऊन उभी. चादरींचा गठ्ठा कमरेवर. "अगं ए, थंडी वाजेल. बाहेर ये. आमच्या पाण्यात काय बघतेस, आरपार तळ दिसतो. त्या पलीकडच्याचं बघ, निळं येतंय की नाही ते." आणि खरंच हो, रंगवाल्यांच्या पाइपातून किंचित निळसर पाणी येत होतं. रंगवाले स्वतः पलीकडच्या काठावर हात मागे बांधून उभे. म्हणाले, "ताई, तीन टाक्यांतून गाळून सोडतो मी. निळं दिसतं ते नुसतं दिसतं." आत्या म्हणाली, "दिसतं म्हणजे आहेच की." रंगवाले म्हणाले, "वहिनी, आभाळही निळं दिसतं." आत्या म्हणाली, "आभाळ ओढ्यात सोडता का तुम्ही?" आणि मी मधोमध, गुडघाभर पाण्यात, हातात मीटर... आकडा स्थिर होईपर्यंत हलायचं नसतं.

मग प्रवाहाचा वेग मोजायचा. त्यासाठी संत्रं सोडतात पाण्यात. हसू नका, संत्रं अर्धं बुडतं, अर्धं तरंगतं, वाऱ्याला फारसं जुमानत नाही, म्हणून संत्रं. दहा मीटरची दोरी ताणली, संत्रं सोडलं, घड्याळ लावलं, आणि संत्रं सातव्या मीटरला पोचतं न पोचतं तोच आत्याने काठावरून वाकून ते उचललं. "चांगलं फळ पाण्यात सोडतेस?" मी म्हटलं, "आत्या, मी वेग मोजतेय." तर सोलून खाल्लंन आणि म्हणते, "गोड आहे. लिही."

आकडे सांगते. सामू, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की सोड्याकडे, ते सांगणारा आकडा. सात म्हणजे अगदी मध्यावर. वरच्या अंगाला सात पूर्णांक चार. उजव्या बाटलीत, म्हणजे त्या निळसर पाण्यात, सात पूर्णांक सहा. प्राणवायू भरपूर. मासा सुखाने नांदेल असं पाणी. आणि डाव्या बाटलीत, त्या आरपार तळ दिसणाऱ्या पाण्यात, दहा पूर्णांक सहा. प्राणवायू जवळजवळ नाहीच. मी तीनदा मोजलं. मीटर पुन्हा सातच्या द्रावणात बुडवून बघितला, मीटर ठणठणीत. वर बघितलं तर आत्या दारात उभी राहून विचारतेय, "दुपारी जेवायला येतेस ना?"

पण मी आकडा बदलला नाही. जेवायलाही गेले नाही. सरळ जलविभागात गेले, छापील तक्ता भरला. डावा काठ, खराब. उजवा काठ, योग्य. सही, तारीख, वेळ. खिडकीपाशी बसलेल्या साहेबांनी तक्ता वाचला, खिडकीतून एकदा ओढ्याकडे बघितलं, शिक्का मारला आणि म्हणाले, "छान. सुटसुटीत आहे." मी निघाले. प्रयोगशाळेत येऊन बसले आणि अहवालाला संदर्भ जोडायचा म्हणून हस्तपुस्तिका उघडली. जोडला नसता तर चाललं असतं. कुणीही जोडत नाही. मी जोडते.

आणि तिथे, पान एकशे बारा, तळटीप, मुंगीएवढ्या अक्षरांत: "नदी-ओढ्याचे डावा काठ व उजवा काठ हे नेहमी प्रवाह ज्या दिशेने जातो त्या दिशेस तोंड करून ठरवावेत."

जातो त्या दिशेस. येतो त्या नव्हे.

म्हणजे बघा हं, नमुना घ्यायचा तो पाण्याच्या येण्याकडे तोंड करून, आणि काठाचं नाव द्यायचं ते जाण्याकडे तोंड करून. एकच माणूस, एकच ओढा, एकच पुस्तक, आणि मधे गर्रकन वळायचं. हे कुणी ठरवलं? ठरवताना तो कुठे तोंड करून बसला होता? पण ते सोडा. पुस्तकाप्रमाणे आत्याची लाँड्री उजव्या काठावर. आणि मी लिहून आले, डावा खराब. म्हणजे कोण खराब? रंगवाले. ज्यांनी तीन टाक्या बांधल्या, ज्यांचं पाणी स्वच्छ निघालं, त्यांचा पाइप माझ्या सहीने बंद होणार, आणि जिच्या घरी मी राहते ती आत्या सुटणार. लोक काय म्हणतील ते राहू दे बाजूला, मी स्वतःला काय म्हणू? नमुना बरोबर, मोजणी बरोबर, आकडा बरोबर, फक्त माणूस चुकीचा. पद्धत चुकली नव्हती हो, पण पद्धत ऐकून घेणार कोण?

ताबडतोब दुरुस्तीपत्र लिहिलं. "माझ्या अहवालात जेथे 'डावा' असे म्हटले आहे तेथे 'उजवा' असे वाचावे व जेथे 'उजवा' असे म्हटले आहे तेथे 'डावा' असे वाचावे." काकांना म्हटलं, गाडी काढा. पोचले तेव्हा पाच वाजायला चार मिनिटं होती. साहेब डबा आवरत होते. पत्र वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पत्राकडे. "आमचा शिपाई तर दुपारीच नोटीस लावून आला."

मी म्हटलं, "तेच तर. चुकीच्या दारावर लागली ती. कृपया काढून दुसऱ्या दारावर लावा."

साहेब जरा हसले. कसं हसले ते मला तेव्हा कळलं नाही. म्हणाले, "समजलं, मॅडम. घरचा मामला आहे."

मी म्हटलं, "घरचा आहे म्हणूनच मी आले."

"हो हो, त्याशिवाय कोण येतंय," साहेब म्हणाले आणि शिपायाला हाक मारली.

मी जड पावलांनी घरी निघाले. वाटेत वाक्यं जुळवत होते. आत्या, मला तुला काही सांगायचं आहे. नको. आत्या, विज्ञानात भावनेला... नको. दार उघडलं तर आत्या समोर, चेहरा असा उजळलेला, आणि दोन्ही हातांनी माझे गाल धरले. "माझी गुणाची पोर गं. दुपारी कोण मेला येऊन दारावर नोटीस डकवून गेला, पाइप बंद म्हणून. माझे तर हातपायच गळाले. आणि आत्ता तोच शिपाई आला, काढून घेऊन गेला, म्हणतो, तुमच्या भाचीने सांगितलं, चूक झाली. आता पलीकडे लावतोय."

मी तशीच उभी. चप्पल एक पायात, एक हातात.

दुपारी नोटीस आत्याच्या दारावर होती? म्हणजे साहेबांनी माझ्या "डाव्या" काठाचा अर्थ आत्या असा लावला होता? पुस्तकाप्रमाणे तर रंगवाले यायला हवे होते. मग साहेबांचं पुस्तक कोणतं? आणि तेव्हा मला त्यांची खिडकी आठवली, तुम्हाला सांगते. त्या खिडकीतून बघितलं की ओढा समोरून कार्यालयाकडे वाहत येतो. साहेबांना पुस्तक माहीत नाही, तळटीप माहीत नाही. खिडकीतून डावीकडे जो दिसतो तो डावा काठ, संपलं. आणि खिडकीतून डावीकडे कोण दिसतं? आत्या. जशी मला पाण्यात उभी राहून दिसली होती, अगदी तशीच. म्हणजे मी चूक लिहिलं, त्यांनी चूक वाचलं, आणि नोटीस बरोबर दारावर लागली. मग मी प्रामाणिकपणे चूक सुधारली, आणि साहेब हसले ते मी आत्याला वाचवायला आले असं समजून. आणि त्या सुधारणेने रंगवाल्यांचा पाइप बंद झाला.

मागच्या दारातून बघितलं. पलीकडे रंगवाले आपल्याच पायरीवर बसले होते, मागे दारावर पांढरा कागद. आत्याकडे बघून त्यांनी हात वगैरे काही केला नाही. नुसते बसून होते.

"आत्या," मी म्हटलं, "नोटीस तुझीच होती. पाणी तुझं खराब आहे."

"माझं? तळ दिसतो."

"तळ दिसतो, पण मासा दिसतो का? सामू दहा पूर्णांक सहा आहे."

आत्याचा चेहरा पुन्हा उजळला. "दहापैकी?"

"चौदापैकी."

"मग वाईट काय त्यात? पहिला वर्ग आहे."

एक तास समजावलं. सोड्याचं पाणी, प्राणवायू, कल्ले, सगळं. आत्या ऐकत होती, चादरीच्या घड्या घालत होती, आणि घडी दर वेळी जरा जास्त जोरात पडत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे उद्या तू जाऊन सांगणार, माझा पाइप बंद करा म्हणून?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बोलली नाहीस तर कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं, "मला." त्यावर ती चादरींचा गठ्ठा उचलून आत गेली. तुम्हाला सांगते, ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी मी जलविभागात. साहेब म्हणाले, "आता काय?" मी म्हटलं, "कालची दुरुस्ती दुरुस्त करायची आहे." ते म्हणाले, "मॅडम, एका अहवालाला एकच दुरुस्ती. नियम आहे." नियम म्हटल्यावर मी काय बोलणार, मला नियमाबद्दल आदरच आहे. सरांना फोन केला. सर आले. तक्रार करायला रंगवाले आले. काय होतंय ते बघायला आत्याही आली, आणि दारात उभी राहिली, आत काही येईना.

आता दृश्य बघा. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे, डावा हात वर. "हा डावा. लाँड्री." सर खिडकीकडे पाठ करून, प्रवाह जातो त्या दिशेस तोंड करून, अगदी पुस्तकाप्रमाणे उभे, डावा हात वर. "हा डावा. कारखाना." दोघं एकमेकांसमोर, दोघांचे डावे हात वर, आणि दोन हात दोन दिशांना. सर म्हणतात, "शास्त्रीय संकेत आहे." साहेब म्हणतात, "खिडकी सरकारी आहे." गाडीवाले काका मधे पडले आणि म्हणाले, "साहेब, मी गाडी मागे घेतो तेव्हाही डावा आरसा डावाच राहतो," त्याने गोंधळ आणखी वाढला. रंगवाल्यांनी स्वतःचा हात वर केला, कोणता ते त्यांनाच ठरवता येईना, खाली घेतला. म्हणाले, "ताई, मी खराब आहे का, एवढंच सांगा. हाताचं राहू द्या."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. दारातून आत्यासुद्धा. मी दोन वर्षं या विषयात काढली, मीटर एका दशांशापर्यंत मोजतो, तक्ते, संकेत, तळटिपा... आणि मी काय केलं? खिडकीपाशी गेले, बोट बाहेर काढलं आणि म्हटलं, "तो. तो पाइप. जिच्या दोरीवर पांढऱ्या चादरी वाळताहेत तिचा. माझ्या आत्याचा."

साहेबांनी शिपायाला नोटीस काढून पुन्हा लाँड्रीच्या दारावर लावायला पाठवलं. रंगवाल्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. सर म्हणाले, "अहवालात बोट दाखवल्याचा उल्लेख नको, पद्धतीत बसत नाही." आणि आत्या वळून चालू लागली. जिन्यावर मी तिला गाठलं तर एवढंच म्हणाली, "चादरी दिसतात ना खिडकीतून? पांढऱ्या दिसल्या ना?" मी म्हटलं, "अगदी पांढऱ्या." "मग झालं," म्हणाली.

आता तिच्याही तीन टाक्या बांधून होताहेत. कशा बांधायच्या ते दाखवायला रंगवालेच येतात, ओढा ओलांडून, आणि आत्या त्यांना म्हणते, "तुमचं निळं बरं म्हणायचं." टाक्या होईपर्यंत लाँड्री बंद. घरात शांतता. आत्या रागावलेली आहे असं मी म्हणणार नाही, त्याला पुरावा नाही. बोलते. पण परवा संध्याकाळी चहा पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "घे. आधी मोज, मग पी."

मीटर पिशवीत होताच. आता कुणी मनापासून सांगितल्यावर नाही कसं म्हणणार? मीटरचा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायचा दांडा, तीनदा धुतला, कपात धरला, आकडा स्थिर होऊ दिला. सहा पूर्णांक चार. आत्या कमरेवर हात ठेवून उभी. "काय? चांगला आहे ना?"

दुसरं कुणी असतं तर हो म्हणालं असतं. मलाही कळत होतं हो की इथे हो म्हणायचं असतं. पण तोंडून निघून गेलं, "आत्या, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही."

तिने कप उचलला, आत नेला. तेव्हापासून चहा मी कॅन्टीनमध्ये पिते... न मोजता.